बाईंचा आजार

ज्या मुलाला मी आठवीत भूमितीत दोनदा नापास केलं, तोच गेल्या वैशाखात माझ्या माजघरात टेप घेऊन उभा राहिला आणि मी त्याच्यासमोर आलेखवही छातीशी धरून. वर्गात त्याचा हजेरी क्रमांक सतरा. छत्तीस वर्षांच्या नोकरीत इतकी मुलं हाताखालून गेली की नाव आठवायला जरा वेळ लागतो, क्रमांक लगेच आठवतो. "सतरा!" म्हटलं की आजही तो "हजर, बाईनू!" म्हणतो. वय पंचेचाळीस, कानामागे पेन्सिल, आणि मालवणात सुतारकामात त्याचा हात धरणारा दुसरा नाही असं लोक सांगतात. हे लोकांनी तो आठवीत असताना सांगितलं असतं तर आम्हा दोघांचाही त्रास वाचला असता.

त्याला बोलावलं होतं शंख-शिंपल्यांच्या कपाटासाठी.

हा संग्रह मी केला असं म्हणणं खरं नाही. तो साचला. शाळा समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मधल्या सुट्टीत मुलं किनाऱ्यावर पळायची आणि येताना बाईंसाठी काहीतरी आणायची. इतर गावांत बाईंना गुलाबाचं फूल मिळतं, मला कवडी मिळायची. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की मासळी टोपल्यांत जाते आणि वाळूवर उरतो तो केर: शेवाळ, काटक्या, बोटभर खेकडे आणि शंख. त्या केरावर माझा हक्क आहे हे रापणकरांनी कधीच मान्य करून टाकलं होतं. मासळीवाली काकीसुद्धा तिसऱ्यांच्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या, वाट्याबरोबर एखादा निराळा शिंपला कागदात बांधून आणायची. निवृत्त झाल्यावर एका दुपारी मी सगळं मोजलं. ४१२ नग आणि ५३ डबे. डालड्याचे, बिस्किटांचे, श्रीखंडाचे, हॉर्लिक्सच्या काचेच्या बाटल्या, चपलांची खोकी, शिवाय लग्नात मिळालेल्या प्लायवूडच्या टेबलाचे तिन्ही खण.

"निवृत्तीच्या पैशातून लोक काशीला जातात," हे म्हणाले.

"मी कपाट करणार आहे. काचेचं. दिवे लावलेलं."

काकीला कळलं तेव्हा ती टोपली उतरून खळ्यातच बसली. "आमी मास खातंव आणि कवचां उकिरड्यार टाकतंव," ती म्हणाली. "तुमी कवचां काचेत ठेवतास. मगे मास खंय टाकतास?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

कपाट करायचं म्हणजे चार फळ्या आणि दोन दारं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी काही जमवलेलं नसतं. माझ्याकडचा सगळ्यात छोटा शंख तांदळाच्या दाण्याहून लहान आहे आणि सगळ्यात मोठा नऊ इंचांचा. मोठ्याच्या उंचीचा खण केला तर छोटा त्यात नाट्यगृहात एकटाच आलेल्या प्रेक्षकासारखा दिसतो. छोट्याच्या मापाने केला तर मोठ्याला आडवा निजवावा लागतो. खोली फूटभर ठेवली तर मागची रांग पुढच्या रांगेच्या पाठीआड जाते, म्हणून आत गौरीच्या आराशीसारख्या पायऱ्या हव्यात. पायऱ्या केल्या की खणाची उंची पुन्हा बदलते. त्यात मांडायचं कशाच्या क्रमाने? विज्ञान शिकवलेली बाई सांगणार की कुळानुसार. कवड्या एकीकडे, शंकू एकीकडे, दुहेरी शिंपले खाली. पण प्रत्येक डब्यात चिठ्ठी आहे, आणि चिठ्ठीवर कुळ नाही, साल आणि हजेरी क्रमांक आहे. तीन आठवडे मी रोज रात्री मांडणी बदलत होते. ह्यांनी एकदा झोपेतून उठून पाहिलं, मी जमिनीवर ४१२ शिंपल्यांच्या मधोमध बसले होते, आणि काही न बोलता ते परत झोपायला गेले. त्या न बोलण्यात बरंच काही होतं.

मधला खण कोणाला द्यायचा यावर तर घरात राजकारण झालं. धाकट्या दिरांनी कुठल्याशा तीर्थक्षेत्री भली मोठी रक्कम मोजून 'दक्षिणावर्ती' शंख आणला होता. तो मध्यभागी, लाल मखमलीवर बसावा असा त्यांचा आग्रह. देवपूजेचा आपला नेहमीचा शंख डावरा, म्हणजे उलट्या वळणाचा, निघणं फार दुर्मिळ, त्याला आपण दक्षिणावर्ती म्हणतो, आणि दुर्मिळ म्हणूनच त्याची नक्कल होते. मी भिंग लावून पाहिलं. वहिनींनी आणून दिलेल्या आरतीच्या तबकात अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा एक शंख बसला होता. तिकडे त्याची अख्खी जातच डावरी असते, नवल नाहीच. दिरांना हे सांगावं का? मी छत्तीस वर्षं मुलांच्या चुका लाल शाईने दाखवल्या, पण दीर म्हणजे आठवीतला मुलगा नव्हे. मधला खण दिरांना मिळाला.

मग भिंत. माजघराची मोठी भिंत गणपतीची. तिथे माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची चौकट, बांधायच्या कड्या सासऱ्यांच्या वडिलांनी वाशांना ठोकलेल्या. तिच्याखाली कपाट ही कल्पनासुद्धा कुणी केली नाही. उरली शेजारची आखूड भिंत. मी शिवणाची टेप लावून ती मोजली, २२६ सेंटिमीटर, आणि त्यावरून एकास दहा प्रमाणात आराखडा काढला. फळ्यांची जाडी, काचेची खाच, बिजागऱ्यांच्या जागा, सगळं मिलिमीटरमध्ये. ठाण्याच्या चिरंजीवांनी त्यावरून संगणकावर एक चित्र करून पाठवलं. त्यात पांढरंशुभ्र कपाट, पांढरीशुभ्र भिंत आणि कपाटाशेजारी पांढरा सोफा होता. आमच्याकडे सोफा नाही. ते चित्र पाहून झालं.

सतराने माझी वही उलटसुलट करून पाहिली. "अक्षर तसांच आसा, बाईनू. छापल्यासारख्यां," म्हणाला आणि वही मिटून फळीवर ठेवली. मग स्वतः भिंत मोजली आणि सनमायकाच्या एका तुकड्यावर लिहिलं: ७ फूट ४ इंच ३ सूत.

इथे थोडं सुताविषयी. इंचाचे आठ भाग केले की एक सूत, म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. मी आयुष्यभर मुलांना मीटर-सेंटिमीटर घोकून घेतलं, पण तो कायदा सुताराच्या कानामागच्या पेन्सिलीपर्यंत पोचलेला नाही. मी मनात गुणाकार केला. २२४.५ सेंटिमीटर.

"सतरा, दीड सेंटिमीटर कमी धरलंस."

"नाय, बाईनू."

"पुन्हा मोज."

जुनी सवय. त्यानेही जुन्या सवयीने पुन्हा मोजलं, पण या वेळी स्टुलावर चढून, वरच्या बाजूने. ७ फूट ५ इंच. माझे २२६. मी वर मोजलं होतं, त्याने खाली. आम्ही दोघंही बरोबर होतो आणि भिंत चुकली होती. चिऱ्याचं घर, शंभरेक पावसाळे खाल्लेलं. एक कोपरा हळूहळू रेलत गेला असणार. त्याने ओळंबा सोडला, गुण्या लावला आणि मग मला जे विचारलं ते मी विसरणार नाही.

"बाईनू, भिंत वाकडी आसा. कागद सरळ आसा. कपाट कोणाच्या मापाचां करू?"

समलंब चौकोन. हाच प्रश्न होता त्या वर्षी वार्षिक परीक्षेत, क्षेत्रफळ काढा, गुण चार, आणि याच प्रश्नाला त्याने कोरं पान ठेवलं होतं. आता त्याने तो पाच मिनिटांत सोडवला: कपाट सरळ करायचं आणि भिंतीच्या बाजूला वर पाच सूत, खाली शून्य अशी पाचरीसारखी पट्टी रंधून बसवायची. उत्तर बरोबर होतं. पद्धत माझ्या पुस्तकात नव्हती.

काचेच्या फळ्यांवर मात्र मी जिंकले. तो म्हणाला दहा एमएम, मी म्हटलं आठ पुरे. काचेचं वजन सोपं असतं, एक मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. तीन फुटांची फूटभर खोल फळी आठ एमएमची केली तरी नुसती साडेपाच किलो भरते, आणि त्यावर ठेवायचे ते शंख सगळे मिळून दोन किलोही नाहीत. "म्हणजे हत्तीक मुंगी उचलूक लावली," सतरा म्हणाला. गुण दिले.

लाकडाचं म्हणाल तर मालवणात प्रत्येकाला लाकडातलं कळतं. सागाचा घनफुटाचा भाव ऐकून ह्यांनी उठून पंखा एक नंबराने वाढवला. धाकटे दीर म्हणाले, परड्यातला फणस तोडूया, फणसाचं लाकूड पिवळंधमक, पुढे तांबूस होतं, देवळाला शोभेल असं. हे सासूबाईंच्या कानावर गेलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फणसाच्या बुंध्याला हळद-कुंकू लागलेलं दिसलं. विषय मिटला. कुणी आंबा सुचवला. त्यावर सतरा म्हणाला, "आंबो पेट्यांका." लोखंडाचं कपाट? आमचं फाटक खाऱ्या वाऱ्याने तीनदा खाल्लं. ॲल्युमिनियम आणि काच? मग येणारे-जाणारे डोकेदुखीची गोळी मागतील.

"मरीन प्लाय," सतराने निकाल दिला. "७१० चो शिक्को असलेलो. पाण्यात ठेवलास तरी सुटूचो नाय." आणि वर युक्तिवाद: "वस्तू समुद्रातल्यो, मगे प्लाय मरीनच व्हयो." त्यात चूक काढायला मला जागा दिसली नाही. त्याने आगाऊ पैसे घेतले आणि गणपतीच्या आधी देतो म्हणाला. मालवणात हे वचन घेताना कुठल्या गणपतीच्या, ते विचारून घ्यावं. मी विचारलं. याच.

आणि मग पाऊस आला, आणि पावसाबरोबर पांढरी पूड.

टेबलाच्या मधल्या खणातली एक कवडी मी सहज हातात घेतली तर बोटांना पावडर लागली. कवडीची खरी दौलत म्हणजे तिची चकाकी; पॉलिश केल्यासारखी जन्मजात असते. ती चकाकी गेली होती. अंगावर पांढरट पुटकुळ्या. बुरशी समजून ओल्या फडक्याने पुसली. आठ दिवसांत पूड परत. शेजारच्या दोघी-तिघींनाही लागण. चिठ्ठी वाचली: १९९३, क्र. १७.

ह्यांची भाची मुंबईला वस्तुसंग्रहालयातल्या वस्तूंची निगा कशी राखायची ते शिकते. तिला फोटो पाठवले. तिचा लगेच फोन.

"मामी, तुझ्या शिंपल्यांना बाइनचा आजार झालाय."

"बाईंचा?"

"बाइनचा गं. बाइन."

"तेच म्हणते, बाईंचा. म्हणजे माझ्यामुळे?"

"हो, तसं म्हटलं तर तुझ्यामुळेच," ती म्हणाली, आणि मग नीट सांगितलं. बाइन नावाचे एक इंग्रज शंखसंग्राहक होते. कपाटात जपून ठेवलेले शंख कसे झिजतात यावर त्यांनी १८९९ मध्ये लिहिलं. निरीक्षण अचूक, पण कारण त्यांनी जंतूंचं आणि एका भलत्याच आम्लाचं दिलं. खरं कारण पुढे कळलं: लाकूडच आम्लाची वाफ सोडत असतं, ॲसेटिक आणि फॉर्मिक. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. बंद खण, दमट हवा, आम्लाची वाफ, की शंखाच्या अंगावर क्षार फुटतात आणि तो पूड होत जातो. म्हणजे तो आजार नाहीच, आणि ज्याला कारण कळलं नाही त्याचंच नाव त्याला चिकटलं. मी असते तर निरीक्षणाला पूर्ण गुण, कारणाला शून्य, आणि नाव तर अजिबात नाही.

पण लाज माझीच वाटली. दरवर्षी नववीच्या वर्गात अंड्याचं टरफल व्हिनेगरमध्ये टाकून बुडबुडे दाखवणारी बाई मी. ज्या गावात पूर्वी शिंपले भाजून चुना पाडत, त्या गावात राहून मी शिंपले आम्लाच्या पेटीत ठेवले होते, आणि वर आणखी मोठी पेटी करायला दिली होती.

"मग कशात ठेवायचे?"

"काच. किंवा भट्टीत रंग भाजलेलं स्टील. हवा खेळती. आणि कोरडी हवा."

आषाढात, मालवणात, कोरडी हवा. आषाढात आमच्याकडे कोरडे असतात ते फक्त सुके बांगडे, आणि तेही डबा उघडला की मऊ पडतात.

"प्लाय चालणारच नाही?"

"संग्रहालयात आम्ही कुठलीही वस्तू वापरण्याआधी ओडी टेस्ट करतो."

फोन स्पीकरवर होता. पलीकडच्या खोलीतून हे ओरडले, "होडी टेस्ट? होडीची कसली टेस्ट? आता रापणीवर जातेस की काय?"

ओडी हे ब्रिटिश म्युझियममधले गृहस्थ. त्यांनी १९७३ मध्ये ही परीक्षा सांगितली. ज्या लाकडाचं कपाट करायचं त्याचा चुरा घ्यायचा, काचेच्या बंद भांड्यात घालायचा, थोडं पाणी, आणि सोबत चांदी, तांबं, शिसं यांचे तुकडे टांगायचे. साठ अंशांवर अठ्ठावीस दिवस. मग धातू काढून पाहायचे. शिसं पांढरं पडलं तर लाकूड आम्ल सोडतंय.

निवृत्त विज्ञान शिक्षिकेला हे ऐकवणं म्हणजे मांजरीसमोर बांगडा ठेवणं. चार काचेच्या बरण्या रिकाम्या केल्या, म्हणजे दोन वर्षांचं मुरलेलं लिंबाचं लोणचं भांड्यांत गेलं. तांबं म्हणून जुन्या वायरिंगची तार. शिसं मिळवायला दहा मिनिटं लागली, जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या काकीच्या मुलाने मूठभर दिल्या. चांदीसाठी माझी जोडवी, पण बरण्या चार आणि बोटं दोन. उरलेली दोन जोडवी वन्संची. त्यांना मी कशासाठी ते सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. बहुधा व्रत समजल्या.

पहिल्या बरणीत सतराकडून मागून आणलेला मरीन प्लायचा भुसा, दुसरीत साग, तिसरीत फणस (वादळात पडलेली फांदी, सासूबाईंना दाखवून घेतली). चौथी रिकामी, नुसते धातू, तुलनेसाठी. साठ अंशांची सोय न्हाणीघरात: पाणी तापवायच्या चुलीच्या मागे कट्टा आहे, तिथे. शाळेतून तापमापी मागून आणली. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत साठ, दुपारी पस्तीस, संध्याकाळी हे पाय धुवायला गरम पाणी घेत तेव्हा पुन्हा पन्नास. भाची म्हणाली, "मामी, ही ओडी टेस्ट नव्हे, ओढाताण आहे." असू दे. नोंदी मी रोज दोन वेळा ठेवल्या.

याच अठ्ठावीस दिवसांत, रिकामा वेळ वाईट म्हणतात तो असा, मी कायदा वाचायला घेतला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा म्हणजे वाघ-हत्ती अशी माझी समजूत. २००१ मध्ये त्याच्या अनुसूचीत काही शंखशिंपलेही घातले गेले, हे ठाऊकच नव्हतं. यादी लॅटिनमध्ये. तीन रात्री मी एका हातात भिंग आणि एका हातात शंख घेऊन बसले. खिडक्या लावून. दारावर थाप पडली की ४१२ वस्तूंवर चादर. चौथ्या रात्री नॉटिलस सापडला, पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला.

नॉटिलस माझ्याकडे होता. मामेभावाने तीस वर्षांपूर्वी अंदमानहून आणलेला, पट्टेरी, वळणदार, साऱ्या संग्रहाचा मुकुटमणी. पाहुणे आले की मी तो दोन्ही हातांत धरून त्याच्या आतल्या कप्प्यांवर बोलत असे. आता घामाने हात ओले. उद्या सकाळी वनखात्याच्या कचेरीत स्वतःच नेऊन द्यावा असं ठरवलं, आणि शेवटचं म्हणून नीट न्याहाळला. पोटाखाली एक बारीक रेघ होती. साच्याच्या दोन भागांची शिवण. सुई तापवून कडेला टोचली तर जळक्या प्लॅस्टिकचा वास.

तीस वर्षं मी रेझिनच्या तुकड्याला आतले कप्पे समजावून सांगत होते. आणि तरीही त्या रात्री मला जी झोप लागली तशी निवृत्तीनंतर लागली नव्हती.

श्रावणात अठ्ठाविसावा दिवस आला. चारही बरण्या खळ्यात आणून मांडल्या. घरचे सगळे जमले. सतरालाही बोलावलं होतं. ज्याच्या प्लायची परीक्षा, त्याला निकाल ऐकण्याचा हक्क आहे. मरीन प्लायच्या बरणीतली शिशाची गोळी रांगोळीत लोळवल्यासारखी पांढरी. फणसाची पांढुरकी. सागाच्या बरणीतली नुसती उदास. रिकाम्या बरणीतली गोळी होती तशी. हात साबणाने दोनदा धुवायला लावून मी निकाल वाचून दाखवला.

"म्हणजे चार विद्यार्थ्यांत पास झाली ती रिकामी बरणी," हे म्हणाले. "तुमच्या शाळेचा निकाल असाच लागायचा."

सतरा गोळीकडे बघत होता. समोर समुद्रात सिंधुदुर्ग दिसतो. त्याच्या पायाचे दगड शिसं ओतून बसवले असं इथलं पोरही सांगतं. साडेतीनशेहून जास्त वर्षं लाटा खाऊन तो उभा, आणि आमचं शिसं न्हाणीघरात महिनाभरात हरलं.

"मरीन असान सुद्धा?" त्याने विचारलं.

मी त्याला समजावलं. मरीन म्हणजे त्याचा गोंद पाण्यात सुटत नाही. पण आतलं लाकूड ते लाकूडच. ते श्वास सोडतंच.

"लाकूड जितां आसता, बाईनू," तो म्हणाला. "ता माका म्हायत आसा. पण श्वासान कवडी मरता, ह्यां नवीन." मग जरा थांबून, "आणि प्लाय कापून झालो. पॉलिश सुदीक मारून झाला."

कारण हा माणूस दिलेला शब्द पाळणारा निघाला होता. या गणपतीच्या आधी म्हणजे या गणपतीच्या आधी.

आत जाऊन मी ती आजारी कवडी आणली. त्याने हातात घेऊन उलटी केली, चिठ्ठी वाचली आणि कान लाल झाले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याने ती माझ्या टेबलावर ठेवली होती, काही न बोलता. माझा समज होता की ती लाच आहे, पुढच्या वर्षासाठी.

"लाच नाय," तो म्हणाला. "तुमी त्या दिवशी रडलास म्हणान."

मी रडले होते? असेन. बेचाळिसातले अकरा नापास होते त्या वर्षी.

कपाट हरतालिकेच्या आदल्या दिवशी आलं. काय सांगू, देखणं झालंय. सांधा कुठे ते बोटाला कळत नाही. आत पायऱ्या, आठ एमएमच्या फळ्या, दिवे, मधल्या खणात दिरांसाठी लाल मखमल. पाचरपट्टी अशी बसली आहे की वाकडी भिंत सरळ वाटते आणि सरळ कपाट जुनं. पैसे घेताना सतराने पट्टीचे धरले नाहीत; ते चार गुणांत वळते करा म्हणाला.

शंख मात्र हॉर्लिक्सच्या बाटल्यांत गेले. त्या पुरल्या नाहीत म्हणून ह्यांनी बाजारातून काचेच्या बरण्यांची गोणी आणली, तोंडाने बडबडत आणि हाताने सांभाळत. प्रत्येक बरणीत नव्या चपलांच्या खोक्यातली ओल शोषणारी पुडी. त्यासाठी भावकीतल्या सगळ्यांनी या वर्षी चपला घेतल्या असं वाटावं इतक्या पुड्या जमल्या. बरण्या स्वयंपाकघराच्या फळीवर, डाळींच्या पलीकडे. वन्सं एकदा कवड्या भिजत घालणार होत्या. दिरांचा अमेरिकन शंखही तिथेच, साबुदाण्याशेजारी. त्यांना सांगितलंय की गणपतीत त्याला सोवळं लागतं.

लोणच्याच्या त्या चार बरण्या पुन्हा स्वयंपाकघरात येणार नाहीत. लिंबाचं लोणचं स्टीलच्या डब्यात कडवट झालं. त्याचा हिशेब ह्यांनी अजून पुरा केलेला नाही.

आणि कपाटात, मधल्या खणात, लाल मखमलीवर, दिव्याखाली नॉटिलस आहे. एकटा. ज्याला बाइनचा आजार होत नाही असा घरातला तेवढाच.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी भजनाला गाव लोटला. सतरा आपल्याबरोबर एका चाकरमान्याला घेऊन आला. त्याला मुंबईच्या फ्लॅटसाठी असंच कपाट हवं होतं. त्याने दार उघडून पाहिलं, फळीवर बोट फिरवलं, वाकून दिवे पाहिले. मग इकडेतिकडे बघत विचारलं,

"शंखांचां कपाट म्हणालास मां? शंख खंय?"

"ते बरण्यांत आसत," सतरा म्हणाला.

"मगे ह्यां कित्याक?"

सतराने माझ्याकडे पाहिलं. मी करंज्यांच्या ताटाकडे पाहिलं.

"भिंत वाकडी आसा," तो म्हणाला. "ती दिसाक नको म्हणान."